पांढरा चौकोन

बोटातलं शिवणाचं पितळी अंगुस्तान निसटलं, फरशीवर टणकन आपटलं आणि गरगरत टेबलाखाली गेलं. इतका वेळ दुकान चिडीचूप होतं. खुर्चीत बसलेले राजवाड्याचे कारभारी दचकले, खिडकीतलं मांजर दचकलं. जिच्या बोटातून ते पडलं ती मात्र जागची हलली नाही.

"मी काढते, मी काढते," म्हणत टाचणी टेबलाखाली शिरली. सात वर्षांची पोर, अंगानं काडी आणि जिभेनं टोकदार. बापानं लाडानं टाचणी म्हटलं आणि गल्लीनं ते पक्कं करून टाकलं होतं.

रफूवालीच्या हातात निळा लोकरी कोट होता. तिची तर्जनी डाव्या छातीवरच्या भोकातून आत गेली होती आणि अस्तर ओलांडून पाठीवरच्या दुसऱ्या भोकातून बाहेर आली होती. पुढचं भोक वाटाण्याएवढं, मागचं तळव्याएवढं. कोट तीन-तीनदा धुतलेला असावा, अजून साबणाचा वास येत होता. पण लोकर कितीही धुवा, पोटातलं बोलून टाकते.

"महाराजांना जरासं खरचटलं," कारभारी म्हणाले. "काळजीचं कारण नाही."

"हो का," ती म्हणाली.

लढाईला तीन वर्षं झाली होती. तेवढ्यात तिच्या हाताखालून चारशे कोट तरी गेले असतील. कुठलं भोक कसरीचं, कुठलं ठिणगीचं, कुठलं काटेरी तारेचं हे ती नुसत्या बोटानं सांगे. खरचटलेल्या माणसाच्या कोटाला एका रेषेत दोन भोकं पडत नाहीत. आणि पडलीच तर तिथे पडत नाहीत.

"राजवाड्याचा शिंपी असताना माझ्याकडे कसे आलात?"

"तो आजारी आहे."

"कधीपासून?"

"हा कोट आल्या..." कारभारी थांबले. "परवापासून."

कारभाऱ्यांनी खिशातून चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली आणि हातमोजे घालता घालता, जणू दुधाचा रतीब सांगावा तसं सांगितलं. आजपासून आठव्या दिवशी महाराज सज्जात येऊन दर्शन देणार. लोकांनी त्यांना याच कोटात निरोप दिला होता, तेव्हा परतही याच कोटात यायला हवं. रफू असा हवा की जन्मदात्या आईलाही दिसू नये.

"त्यांना आई नाहीये," टेबलाखालून आवाज आला. "आमच्या पुस्तकात आहे तसं."

कारभारी हसले नाहीत. रफूवालीने चिठ्ठी वाचली. खांद्यात दोन बोटं सैल, कमरेत तीन.

"लढाईत माणूस वाळतो," ती म्हणाली. "महाराज भरलेत म्हणायचे."

"विश्रांती मिळाली."

"बरीच मिळालेली दिसते."

कारभाऱ्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग उठून भिंतीपाशी गेले. तिथे फौजेची छापील कार्डं ओळीनं खिळ्याला अडकवलेली होती. सगळ्यांवर एकच मजकूर, तुकडीच्या लेखनिकाच्या अक्षरात: मी खुशाल आहे, काळजी नसावी. तिच्या नवऱ्याला सहीपलीकडे लिहिता येत नव्हतं. पण प्रत्येक कार्डाच्या खालच्या कोपऱ्यात एक पाठमोरं मांजर बसलेलं असे. ते तो स्वतः काढी.

"माझ्या बाबांची आहेत," अंगुस्तान आईच्या हातात देत टाचणी म्हणाली. "त्यांना मांजराचं तोंड काढता येत नाही. म्हणून ते नेहमी पलीकडे बघतं."

"अस्सं." कारभारी वाकून एकेक कार्ड बघत राहिले, गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ. "सातवी तुकडी. शेवटचं कधी आलं?"

"चार महिने झाले," रफूवाली म्हणाली.

"एका माणसाला घरी पाठवायला माझी एक सही पुरते, बाई. काम चोख झालं तर पंधरा दिवसांत तो या दारात उभा असेल." ते दारापर्यंत गेले. "आणि चोखच होईल. तुमचं नाव ऐकून आलोय मी."

बाहेर बग्गीचं दार लागलं. खिडकीतलं मांजर उठलं, अंग ताणलं आणि पुन्हा बसलं. त्याच्या शेपटीला मध्येच काटकोनासारखं वळण होतं. टाचणी तान्ही असताना तिच्या बापाने घाईत दार लोटलं आणि शेपटी फटीत सापडली. हाड जुळलं ते वाकडंच. त्यानंतर आठवडाभर तो माणूस मांजराची क्षमा मागत फिरत होता, आणि लढाईवर गेल्यावर कार्डावर ते काढतानाही तो वळण विसरला नव्हता.

*

सासूबाईंनी आतल्या खोलीतून सगळं ऐकलं होतं. त्यांचे डोळे अधू झाले होते, कानांनी मात्र ती कसर भरून काढली होती. कारभाऱ्यांची बग्गी गल्लीच्या टोकाशी पोचायच्या आत त्यांनी मुलाची गादी उन्हात टाकली आणि काठीनं बडवायला घेतली.

"अहो आई, पंधरा दिवस आहेत अजून."

"तीन वर्षांची धूळ आहे," त्या म्हणाल्या आणि आणखी जोरात बडवू लागल्या. "तू तुझ्या कामाला लाग. या वेळी हात राखून काम करू नकोस."

"मी कधी हात राखला?"

"कधी नाही. म्हणून तर सांगतेय, आत्ताच नको ते सुचायला."

दुसऱ्या दिवशी सकाळी कोळसेवाली आली. दारातच गोणी टेकवून तिने हाश्शहुश्श केलं. तिच्या अंगावर नवऱ्याचा फौजी कोट होता, तीन वर्षांत एकदाही न उतरलेला, आणि त्याच्या पोटावर चार बोटं रुंद असा पांढरा चौकोन.

या चौकोनाची सुरुवात तिच्यापासूनच झाली होती. लढाई लागली त्या पहिल्या थंडीत फौजेने तिच्या नवऱ्याचा कोट धुऊन, घडी घालून घरी पाठवला. ती तो घेऊन आली तेव्हा रफूवाली सवयीनं कोटाच्याच आतल्या दुमडीतून धागे काढायला लागली होती. धागा तोच, रंग तोच, वीण तीच, म्हणजे भोक होतं हेच कोणाला कळू नये. कोळसेवालीने तिचा हात धरला होता. "लपवू नकोस गं," ती म्हणाली होती. "माझा माणूस गेलाय. फाटका खिसा नाही झाकायला. दिसू दे." मग रफूवालीने पांढरं सूत घेतलं आणि भोकाभोवती चौकोन विणला. पुढच्या आठवड्यात दुसरी आली: "तिला केलंस तसं मला." आता शहरात असे शेकड्यांनी कोट होते. बायकांच्या अंगावर, म्हाताऱ्यांच्या अंगावर, बाह्या दुमडून लेकरांच्या अंगावर. पांढरा चौकोन दिसला की ट्राममधला माणूस उठून जागा देई. काय झालं, कधी झालं, हे कोणी विचारत नसे.

"चित्रकाराकडे गेले होते कोळसा टाकायला," कोळसेवाली म्हणाली. "राजाची चित्रं काढतोय. किती म्हणशील? सहा!"

"सहा कशाला?"

"तेच मी विचारलं. एक तिशीतला राजा, घोड्यावर. एक चाळिशीतला, पूल बांधताना. एक लग्नातला, शेजारी राणीची जागा कोरी सोडलीय. आणि साठीचा! पांढरी दाढी, मांडीवर नातू. म्हटलं, अरे बाबा, पोरगं आत्ता कुठे बाविशीत आहे, जरा दाढी तर फुटू दे त्याला! तर म्हणतो कसा, वरून हुकूम आहे, आत्ताच काढून ठेवा." ती पोटभर हसली. मग हसू विरलं. "माझ्या थोरल्याला गेल्या महिन्यात नेलं. सोळा वर्षांचा आहे. त्याचं एकही चित्र नाही माझ्याकडे."

रफूवालीने कोटावर कापड टाकलं होतं. ते तिने आणखी थोडं ओढून घेतलं.

चाळीस वर्षं, तिच्या मनात आलं. चाळीस वर्षं आखून झालीत. लग्न, पूल, नातू. आणि त्या चाळीस वर्षांत लढाई कुठे संपते, ते कुठल्याच चित्रात नाही.

बाहेर टाचणी आणि गल्लीतल्या पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या. ताल धरायला त्या सैनिकांची शपथच म्हणत होत्या. तीन वर्षं सगळ्या शहराच्या कानावर तीच तर पडत होती.

"राजाच्या श्वासापर्यंत माझी बंदूक, राजाच्या श्वासानंतर माझं घर! राजाच्या श्वासापर्यंत..."

शपथ जुनी होती. शिपाई बांधला जाई तो राजाच्या देहाशी, गादीशी नव्हे. राजा गेला की शपथ सुटली. नवा राजा यावा, त्याने पुन्हा विचारावं, आणि ज्याला यायचं त्याने यावं. रफूवालीचा नवरा चौकात हात वर करून हेच बोलला होता. तेव्हा टाचणी त्याच्या खांद्यावर बसली होती.

*

तिसऱ्या दिवशी पोस्टमन आला आणि कार्ड आलं. चार महिन्यांनी.

मजकूर वेगळा होता: मी खुशाल आहे, लवकरच घरी येत आहे. खाली कोपऱ्यात पाठमोरं मांजर. सासूबाईंनी कार्ड हातात घेतलं, नाकाशी धरलं, वास घेतला, मग न बोलता पदराला डोळे पुसले. रफूवाली उंबऱ्यावर बसली आणि जिवंत आहे, जिवंत आहे, एवढंच तिला पुन्हा पुन्हा ऐकू येत राहिलं.

"आई, मांजराची शेपटी बरी झाली!" टाचणी ओरडली. "बघ ना, सरळ!"

"झाली असेल हो," ती हसत रडत म्हणाली आणि कार्ड भिंतीवर अडकवून टाकलं.

त्या दुपारी तिने कोट कामाला घेतला. खिडकीपाशी चांगला उजेड होता. खांदे उसवले, कमर उसवली, सांगितलं तेवढं सैल केलं. पाठीवरचं मोठं भोक तिने कोटाच्याच धाग्यांनी भरलं, आडवे उभे एकेक मोजून, लव विंचरून. इतकं सुरेख जमलं की तिचं तिलाच शोधावं लागलं. जीव ओतून केलं तिने. नवरा येणार होता.

मग छातीकडचं भोक. त्यासाठी धागे काढायला तिने डाव्या बाहीची दुमड उलटली आणि हात थबकला.

दुमडीच्या आत शाईचा डाग होता. जुना, धुऊन न निघालेला. लिहिताना हात शाईवरून ओढत नेणाऱ्या माणसाचा डाग. टाचणीच्या प्रत्येक फ्रॉकला तो असतो. राजा डावखुरा होता हे सगळ्या देशाला ठाऊक होतं. लोकांना हातही तो डावाच करी, उंच, अगदी कानाला दंड लावून. तो गादीवर आल्यापासून शाळेत टाचणीच्या डाव्या हातावर पट्टी बसायची थांबली होती. आणि डागाच्या जरा वर, बाहीचं शेवटचं बटण ज्या धाग्यावर होतं, तो धागा दातांनी चावून चावून पिंजलेला.

बटण चावणारं पोर होतं ते.

त्याला मारलं गेलं तेही एकदाच नाही, तिला वाटलं. एकदा गोळीनं. आणि आता हे त्याचं मरणही काढून घेताहेत. त्याच्यासाठी कोणी दार लोटून आत रडलं नसेल, कोणी त्याचा कोट छातीशी धरला नसेल. शहरातल्या हमालाला, न्हाव्याला, कोळसेवाल्याला जे मिळालं, तेवढंही या पोराला मिळू द्यायचं नाही. का, तर चाळीस वर्षांची चित्रं तयार आहेत.

ती उठली. फडताळ उघडलं आणि पांढऱ्या सुताचं रीळ काढून टेबलावर ठेवलं. रिकाम्या टेबलावर ते ठेवताना मुद्दाम आवाज केला, जणू कोणाला ऐकवायचं होतं.

*

"हे पांढरं कसलं?" सासूबाई दारात उभ्या होत्या. पाचवा दिवस होता.

"सूत."

"ते दिसतंय मला. डोळे अधू आहेत, गेलेले नाहीत." त्या चाचपडत जवळ आल्या, कोटाच्या छातीवरून बोट फिरवलं, चौकोनाच्या चारी कडा मोजल्या. त्यांचा हात तिथेच राहिला.

"अहो आई," ती हळूच म्हणाली, "राजा गेलाय."

"मग?"

"मग म्हणजे?"

"मग जाऊ दे ना! माझा येतोय. तुझा येतोय. कार्ड लावलंयस भिंतीवर, विसरलीस?"

"एकटा येईल तो. या गल्लीतला एकटा. आणि उद्या कोळसेवालीच्या पोराचा कोट आला की मी काय तोंडानं सुई हातात घेऊ?"

"तिचा पोर तिचं ती बघेल. मी याची आई आहे."

"हे सज्जातून खरं दिसलं ना, तर शपथ सुटेल. सगळेच येतील."

"किंवा तुला धरून नेतील. मग मी आंधळी म्हातारी आणि ही टाचणी. करू काय आम्ही?"

रफूवालीचा हात थांबला नाही. सासूबाईंनी ते पाहिलं, आत निघून गेल्या, आणि त्या दिवशी जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या स्वतःच येऊन स्टुलावर बसल्या.

"किती वर्षांचा होता म्हणालीस?"

"बावीस."

"बाविसाव्या वर्षी माझा तुझ्या बापाच्या दुकानावरून दिवसातून सहा फेऱ्या मारायचा. धडधाकट कोट फाडून आणायचा, तू शिवावास म्हणून."

"मला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं. कोट मीच विकत घेतलेला होता." त्यांनी हात पुढे केला. "तो ब्रश दे इकडे. लव मी बसवते. तुझा हात जड आहे, नेहमी सांगते."

काम असं होतं. भोकावर पांढरा चौकोन पक्का विणलेला. त्यावर आतल्या दुमडीतून कापलेला निळा तुकडा, कडा पिंजून कोटाच्या लवेत मिसळलेल्या. तुकड्याची खालची कड पक्क्या धाग्याने शिवलेली. बाकीच्या तीन कडांना नुसता कच्चा टाका, शिंपी माप घेताना घालतात आणि नंतर ओढून टाकतात तो. अंगठा फिरवला तर कळणार नाही. हात खाली असेल तोवर काही होणार नाही. डावा हात कानापर्यंत वर गेला, की खांद्याखालचं कापड ताणणार. कच्चा टाका तेवढा ताण धरत नाही.

सातव्या दिवशी कारभारी भिंग घेऊन आले. त्यांनी कोट उजेडात धरला, भिंग लावलं, अंगठा फिरवला, उलटा केला, पुन्हा भिंग लावलं. सासूबाई कोपऱ्यात जपमाळ ओढावी तशी बटणं ओवत बसल्या होत्या. टाचणी अंगठा चोखत होती, जो तिने दोन वर्षांपूर्वी सोडला होता.

"कमाल आहे," कारभारी म्हणाले. "भोक होतं कुठे, तेच कळत नाही."

"एक सांगायचंय," रफूवाली म्हणाली. "रफू ताजा आहे. महाराजांना म्हणावं, सज्जात जाईपर्यंत डावा हात उचलू नका. धागा बसायला हवा."

"सांगेन." त्यांनी कोट घडी घातला. जाता जाता भिंतीवरच्या नव्या कार्डाकडे पाहून ते हसले. "आलं म्हणायचं पत्र."

"आलं," ती म्हणाली.

*

चौकात मुंगी शिरायला जागा नव्हती. शिपायांच्या दोन रांगा सज्जाखाली उभ्या होत्या. रजेवर आलेले, लंगडणारे, उद्या परत निघायचे असलेले. कोळसेवालीने कोपरानं वाट काढत तिघींना अगदी पुढे आणलं होतं.

"राजा बघायचा तर नीट बघावा," ती म्हणाली. "पुढच्या वेळेला दाढी आलेली असेल."

रफूवालीने टाचणीला कडेवर घेतलं होतं. सात वर्षांची पोर आता जड लागते, पण तिला खाली ठेवावंसं वाटत नव्हतं. सासूबाईंनी तिच्या कोपराला धरलं होतं. पळून जायचं असतं तर आज पहाटेच गाडी होती. त्याबद्दल दोघी एक अक्षरही बोलल्या नव्हत्या.

तुतारी झाली. सज्जाचं दार उघडलं आणि निळा कोट उन्हात आला.

माणूस तसाच होता, उंचीनं, नाकानं, टोपी कपाळावर ओढलेली. मागे अर्ध्या सावलीत कारभारी. चौकातून गर्जना उठली. त्या माणसाने डावा हात उचलला, छातीइतका. शिकवल्यासारखा. भीत भीत.

काही झालं नाही.

टाके चुकले, रफूवालीला वाटलं. सासूबाईंनी लव फार घट्ट बसवली. मग वाटलं, बरंच झालं. मग तिची तिलाच लाज वाटली.

"डावखुरा राजा!" मागून कोणीतरी ओरडलं. "हात वर! हात वर!" आणि सगळ्या चौकाने तेच उचललं. टाचणीनेही आपला शाईचा डावा हात आकाशात ताणला. लोक इतक्या प्रेमानं मागत होते की सज्जातल्या माणसाला हसू फुटलं. बिचारा विसरला, आणि त्याने दंड कानाला लावला.

निळा तुकडा वरून सुटला आणि पानासारखा खाली लोंबला.

पांढरा चौकोन उन्हात लख्ख दिसत होता.

आरडाओरडा एकदम थांबला नाही. पुढून मागे ओसरत गेला, पाणी आटावं तसा. कोळसेवालीचा हात आपोआप स्वतःच्या पोटावरच्या चौकोनाकडे गेला. तिने सज्जाकडे पाहिलं, मग रफूवालीकडे, मग पुन्हा सज्जाकडे.

"अगं बाई," ती म्हणाली. "कधी?"

कोणी हे विचारत नसे, पण आज कोळसेवालीलाही राहवलं नव्हतं. आसपासच्या टोप्या उतरू लागल्या. सज्जातल्या माणसाने मान खाली घालून छातीकडे पाहिलं. त्याला चौकोनाचा अर्थ ठाऊक असावा, कारण त्याने तो झाकला नाही. त्याने टोपी काढली, तर केस भलत्याच रंगाचे निघाले.

पहिल्या रांगेतल्या एका लंगड्या शिपायाने बंदूक खांद्यावरून काढली आणि हळूच, काचेची असावी तशी, फरशीवर ठेवली.

"राजाच्या श्वासानंतर माझं घर," तो म्हणाला. ओरडला नाही. स्वतःशीच म्हणाल्यासारखा म्हणाला.

मग दुसरी बंदूक ठेवली गेली. मग तिसरी. मग मोजता येईना.

कारभारी कठड्याशी आले होते. ते शिपायांकडे बघत नव्हते. गर्दीत एकच चेहरा शोधत होते, आणि तो पुढेच होता. रफूवालीने मान खाली घातली नाही. टाचणीला कडेवर जरा वर सरकवलं आणि सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहत राहिली. बघ, तिला म्हणायचं होतं. रफू माझाच आहे. एका माणसाच्या बदल्यात तू माझी सुई मागितलीस ना? आता सगळे येतील, तुझ्या सहीशिवाय. माझाही येईल, आपल्या पायानं.

कारभाऱ्यांनी मात्र रागानं पाहिलं नाही. त्यांनी नजर वळवली.

ते का, हे तिला कळेना.

"आई." टाचणी तिच्या कानाशी आली होती. चौकोन बघत होती, लोंबणारा निळा तुकडा बघत होती, आणि कपाळाला आठ्या घालून विचार करत होती. "तो खरा राजा नव्हता ना?"

"नव्हता."

"म्हणून तू पांढरं केलंस. सगळ्यांना कळायला."

"हो, राणी."

भोवती लोक एकमेकांच्या गळ्यात पडत होते. सासूबाई कोणा अनोळखी शिपायाचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपत होत्या, हसत होत्या.

"आई, आपल्या मांजराची शेपटी मी आज सकाळी हात लावून बघितली. ती अजून वाकडीच आहे," टाचणी म्हणाली. "मग बाबांनी सरळ का काढली?"